मैनाच्या नंबरावरची बातमी

बातमी चांगदेवाने पाठवली, पण खालच्या आळीतल्या प्रत्येक फोनवर नाव उमटलं ते मैनाचं. सगळी बोंब इथून सुरू झाली.

मैना म्हणजे चांगदेवाची बायको. ती गेल्या भादव्यात वारली. फोन मात्र तिच्यामागे चालू राहिला, कारण चांगदेव तो रोज सकाळी चार्जिंगला लावत असे. का लावतोस, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, नाही लावला तर बॅटरी खराब होते.

त्या फोनात 'खालची आळी' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. तो मैनाने काढलेला, आणि ॲडमिनही ती एकटीच. माजी सरपंच धर्माजीने एकदा, मलाही ॲडमिन कर, असं सुचवून पाहिलं होतं. मैना म्हणाली, "भावजी, तुम्ही सरपंच व्हतात तेवढं पुरे झालं." तिच्या ग्रुपवर फालतू काही चालत नसे. भरती कधी, नळाला पाणी कधी, लाइट कधी जाणार, कोणाकडे बारसं, कोणाकडे मयत, एवढंच. कुणी देवाचा फोटो टाकला तरी ती लिहायची, "देव देवळात आहे. काढा." भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने कोणालाही काढता येते, थळपासून खाली सगळा किनारा ती तशीच काढतो. पण मैना हिशेब झाल्यावर खाडीवर जाऊन पाण्याकडे बघून यायची आणि मगच वेळ टाकायची. त्यामुळे आळीत बोलणंच पडलं होतं, की मैनाच्या फोनवरून आलं म्हणजे खरं.

ती गेल्यावर चांगदेवाने तेवढं काम चालू ठेवलं. खाडीवर जायचं, पाणी बघायचं, वेळ टाकायची. पहिल्या सकाळी मैनाचं नाव बघून विनेशच्या बायकोच्या हातून दुधाचं पातेलं पडलं म्हणतात. नंतर लोक नाव बघायचं सोडून भरती बघू लागले.

मग ती बातमी आली. म्हसळ्याला मैनाचा एक आतेभाऊ आहे. त्याला बहीण वारल्याचं माहीत होतं, तिसऱ्या दिवसाला तो आलाही होता, पण बातम्या पाठवायच्या यादीतून तिचं नाव काढायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. बातमी अशी होती: "अत्यंत महत्त्वाचे! येत्या एक तारखेपासून प्रत्येक देवळाच्या घंटेला डिजिटल मीटर बसणार! ठरलेल्या ठोक्यांवर ठोके गेल्यास देवस्थानाला दंड! मीटर थेट उपग्रहाला जोडलेला! जागे व्हा, पुढे पाठवा!"

चांगदेव एसटीत कंट्रोलर होता. 'अत्यंत महत्त्वाचे' लिहिलेला कागद कधी महत्त्वाचा नसतो, हे त्याने नोकरीभर पाहिलेलं. त्याला फक्त विचारायचं होतं, की हे खरं आहे का. म्हणून त्याने बातमी आळीच्या ग्रुपवर ढकलली आणि खाली प्रश्न लिहायला घेतला. चष्मा लावून, एका बोटाने. 'हे खरं आहे का' इथवर आला आणि प्रश्नचिन्ह सापडेना. फोनमध्ये प्रश्नचिन्ह कुठे ठेवलेलं असतं, हे ज्याने उतारवयात शोधलं आहे त्यालाच ठाऊक. ते सापडून प्रश्न रवाना होईपर्यंत वर इतके लोक जागे झाले होते, की चांगदेवाचा प्रश्न एका हात जोडलेल्या चित्राच्या आणि एका शिवीच्या मध्ये जाऊन बसला. तो कुणीही वाचला नाही.

चहाच्या वेळेला धर्माजी ओट्यावर हजर. चपला न काढता.

"चांगदेव, पंचायतीची निवडणूक तोंडावर आली आणि नेमकी आत्ताच घंटा आठवली व्हय? वर सरकार आमचं. म्हंजे बोट माझ्याकडं."

"दादा, मला म्हसळ्यावरून आलं—"

"तुला न्हाय आलं, मैनाला आलं. मेलेल्या माणसाला बातमी पाठवायला त्याला लाज न्हाय, आन पुढं ढकलायला तुला न्हाय."

धर्माजी वळतो न वळतो तोच विनेश आला. विनेशचे दोन ट्रक आहेत आणि यंदा त्याला पंचायतीला उभं राहायचं होतं, धर्माजीच्या विरुद्ध.

"काका, लय भारी काम केलंत. आता मागं हटू नका."

"आरं, पण खरं हाय का ते?"

"मैनाकाकीच्या फोनवरून आलंय. अजून काय पायजे?"

"उपग्रहाला घंटा ऐकू येईल व्हय?" चांगदेवाने विचारून पाहिलं.

"काका, माझ्या ट्रकला जीपीएस हाय. वडखळला ड्रायव्हर चहाला थांबला तरी मला कळतं. घंटा तर केवढी मोठी!"

विनेश गेल्यावर चांगदेवाने ती बातमी पुन्हा वाचली. धर्माजीची चिडचिड त्याला लागली नव्हती. धर्माजी वाढदिवसाच्या केकवरही चिडतो. त्याला लागलं ते विनेशचं 'अजून काय पायजे'. मैनाने कधी एक खोटी भरती टाकली नव्हती. आणि आता तिच्या नावावर घंटेचा मीटर चढला होता. एक तारखेला मीटर येणार नाही, आणि मग लोक म्हणणार, मैनाच्या फोनवरून काहीही येतं. तो मीटर तिच्या नावावरून उतरवायचा, एवढंच त्याला पाहिजे होतं. हे काम दुपारभराचं आहे, असा त्याचा अंदाज होता.

त्याने उलव्याला मुलीला फोन लावला. मृणाली ऑफिसात होती. ती घाईघाईने म्हणाली, "बाबा, त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि सगळ्यांसाठी डिलीट करा. झालं." चांगदेवाने तसं केलं. बातमी गेली आणि तिच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी लागली.

विनेशने लगेच खाली लिहिलं, "दबाव आला!"

मग बातमीचा फोटो काढून ठेवलेल्यांनी तो पुन्हा टाकला. ज्यांचं आधी वाचायचं राहिलं होतं, त्यांनीही आता वाचलं. संध्याकाळी शेजारच्या गावात मीटर बसल्याचा फोटोही आला. चांगदेवाने तो मोठा करून पाहिला. तो त्याच्याच घरामागचा पाण्याचा मीटर होता. मागे मैनाची अबोली दिसत होती. मीटर उलटा फिरतो म्हणून तिनेच कधीतरी तो फोटो ग्रुपवर टाकला होता, आता तो कुठे कुठे फिरून, डोक्यावर घंटा चिकटवून घरी परत आला होता. चांगदेवाने लिहिलं, "हा आमचा नळ आहे." धर्माजीने त्यावर होकाराचा अंगठा टाकला. विनेशने लिहिलं, "काका, घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

मग त्याला वाटलं, सरकारकडूनच लिहून आणावं. शिकल्यासवरल्या माणसाला सुचणारा हा सगळ्यात महागात पडणारा विचार. ग्रामसेवक भला माणूस. तो म्हणाला, "काका, नियम असता तर प्रत दिली असती. नसलेल्या नियमाची प्रत कुठून देऊ?"

"मग नियम नाही असं लिहून द्या."

"नाही असं लिहायला वरचा आदेश लागतो. आणि वरून आदेश कशाचे येतात? असलेल्या गोष्टींचे."

यात चूक काढता येईना. चांगदेव अलिबागला गेला. तिथे 'देवस्थान' म्हटलं की एका खिडकीला पाठवत, 'मीटर' म्हटलं की वीजवाल्यांकडे, आणि 'आवाज' म्हटलं की ते साहेब दौऱ्यावर. शेवटी एका बाईंना दया आली. त्या म्हणाल्या, "आजोबा, अर्ज करून ठेवा. उत्तर येईल." विषयाच्या ओळीत काय लिहू, असं त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं तसं त्याने लिहिलं: 'देवळाच्या घंटेला मीटर बसविण्याबाबत.' बाईंनी त्यावर गोल शिक्का मारला.

परतीच्या एसटीत त्याला बरं वाटत होतं. हातात शिक्क्याचा कागद असला की माणसाची पाठ सीटला नीट टेकते. आळीला कळावं म्हणून त्याने कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. गाडी हलत होती. मजकूर सगळा धुरकट आला. स्वच्छ आल्या त्या तीनच गोष्टी: विषयाची ओळ, सरकारी शिक्का, आणि खाली 'अर्जदार: चांगदेव म्हात्रे'.

तो फाट्यावर उतरला तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं त्याची वाट बघत उभी होती. घंटेला मीटर बसवा म्हणून सरकारकडे अर्ज करणारा भारतातला पहिला माणूस त्यांना बघायचा होता.

"काका, तुम्ही?" विनेश म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

"आरं, आत वाच, आत. मी उलट—"

"शिक्का हाय न्हवं?" धर्माजी म्हणाला. "मग? सरकार आमचं आसून मी एवढ्या वर्षांत एक शिक्का आणू शकलो न्हाय, आन तू एका दिसात आणलास. कोण हाय तुझ्या पाठी?"

पुढचे दिवस वाईट गेले. मीटर यायच्या आत वाजवून घ्या, म्हणून विनेशच्या पोरांनी पाळी लावून घंटा बडवायला सुरुवात केली. देवळाला लागून भागुबाईचं घर. ती मासळीचा बाजार करून दुपारी डोळा लावते. तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "मेल्यांनो, देवी उठून माझ्या घरात येऊन निजंल!" पोरं थांबली नाहीत. शेवटी घंटेचा लोळा निखळून पायरीवर पडला, दोन उड्या मारून गटारात गेला, आणि सापडेना. पोरांनी झाल्याची वाच्यता केली नाही. सकाळी ग्रुपवर आलं: "मीटर बसवण्यासाठी रातोरात लोळा काढून नेला." आता पुरावाही झाला. कुणीही देवळात जाऊन मुकी घंटा डोळ्यांनी बघू शकत होतं.

चांगदेव त्याही सकाळी खाडीवर गेला, पाणी बघितलं, भरतीची वेळ टाकली. खाली कुणीतरी लिहिलं, "ही तरी खरी का?"

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मंगळवारी देवळात बैठक बसली. देवीलाच विचारू, असं विनेश म्हणाला आणि धर्माजीला नाही म्हणता येईना. खालच्या आळीत कौल लावल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, सोयरीक ठरत नाही, विहिरीची जागाही धरत नाहीत. देवीच्या दोन खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी पडेपर्यंत आत बसलेल्याने उठायचं नाही आणि देवीवरची नजर काढायची नाही. देवीने या पद्धतीने पिढ्यान्पिढ्या उत्तरं दिली होती. फोनवर आलेली बातमी खरी की खोटी, हे मात्र तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

नामा गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, घंटेची ही बातमी खरी आसंल तर उजवा दे, खोटी आसंल तर डावा दे."

सगळे टक लावून बसले.

"पंखा बंद करा," विनेश देवीकडे बघतच म्हणाला. "वारा डाव्या अंगाला लागतोय."

"वाऱ्याला पक्ष आसतो व्हय?" धर्माजीही देवीकडेच बघत होता.

"पंख्यावर नाव तुमचं हाय."

नामाने पंखा बंद केला. घाम टपकू लागला. कुणी खोकत नव्हतं. चांगदेवाच्या मांडीवर मैनाचा फोन होता आणि तो मनातल्या मनात म्हणत होता, डावी. आई, डावी पाड. तुझ्यासमोर हिने कधी खोटं सांगितलं नाही.

उजवी पडली.

विनेशच्या बाजूने जो गलका झाला, त्याने देवळातली वटवाघळं उडाली. बातमी खरी! धर्माजीचा चेहरा उतरला. एका बाजूला त्याच्या पक्षाचं सरकार, दुसऱ्या बाजूला त्याच्या गावची देवी, आणि दोघांत कोण खोटं पडलं हे त्याला बोलता येईना. अशा वेळी माणूस तिसऱ्याला धरतो.

"खरी काय आन खोटी काय," तो म्हणाला. "मुळात मयत माणूस ॲडमिन, हे कोणत्या शास्त्रात बसतं? उद्या पोलीस आले तर ॲडमिनला धरतात. कोणाला धरणार, मैनाला? ह्या चांगदेवानं मला ॲडमिन करावं आन तो नंबर काढावा."

चांगदेवाने विनेशकडे पाहिलं. बातमी आल्या दिवसापासून या दोघांचं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं.

"ते मात्र बरोबर हाय," विनेश म्हणाला. "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण सकाळी सकाळी काकीचं नाव दिसतं, ते बरं न्हाय. ॲडमिन दोघांना करा. मी आन धर्माजीकाका."

"तिनं काय केलं तुमचं?" भागुबाई बायकांतून म्हणाली. "तिचा फोन वाजतो म्हणून तुम्हाला भरती कळते."

"म्हावशी, देवीलाच विचारू. मग तर झालं?" विनेश म्हणाला.

नामा नव्या पाकळ्या भिजवू लागला. माणसांना चांगदेव नाही म्हणू शकला असता. धर्माजीला त्याने आयुष्यभर नाहीच म्हटलं होतं. पण उजवी पडली तर देवीला नाही कसं म्हणायचं? आणि आज देवीचा कल उजवीकडे दिसत होता.

"मी भायेर बसतो," तो म्हणाला. "दम लागतोय."

पाकळ्या लागायच्या आत तो बाहेर येऊन पायरीवर टेकला. आतून नामाचा आवाज आला, "आई, मैनाचा नंबर काढायचा आसंल तर उजवा दे..." आणि मग सगळं गप्प झालं.

त्याने चष्मा लावला आणि ग्रुपमधली नावं उघडली. मैनाने ती आपल्या पद्धतीने लिहून ठेवली होती. पहिलं नाव होतं 'धर्माजी भाषण'. त्याने त्यावर बोट दाबून धरलं. 'ग्रुपमधून काढा', असं फोनने दाखवलं. नक्की का, असंही विचारलं. चांगदेव म्हणाला, "नक्की."

मग 'विनेश ट्रक'. मग 'नामा, वेळेवर येत नाही'. मग 'विनेशची बायको, गुणाची'. आत माणसं श्वास धरून देवीकडे बघत होती, त्यांचे फोन त्यांच्या खिशांत होते, आणि तो बाहेर बसून एकेकाला काढत होता. दोनदा भलत्याच जागी बोट लागून कुणाला तरी फोन लागायच्या बेतात आला. आतून पुटपुटल्यासारखा आवाज झाला, "हलली... उजवी हलली." त्याने घाई केली. 'दूधवाला पाणी'. 'शाळेतल्या बाई'. 'मृणाली बाळ' हे नाव आलं तेव्हा तो थबकला, मग म्हणाला, हिच्याकडे घरचा नंबर आहे, आणि तिलाही काढलं. सर्वांत शेवटी राहिली 'भागू'. तिला काढताना त्याने डोळे मिटले.

यादीत एकच नाव उरलं.

"कौल पडला!" आत नामा ओरडला.

"पडू दे," चांगदेव पायरीवरून म्हणाला. "ग्रुप राहिला न्हाय."

कुणाला आधी कळलंच नाही. मग एकाने फोन काढला, मग सगळ्यांनी. पाकळ्यांकडे बघायला कुणी उरलं नाही.

"मला काढलं!" विनेश म्हणाला.

"मला आधी काढलं," धर्माजी म्हणाला. "मी माजी सरपंच."

"काका, देवीचा हुकूम मोडलात."

चांगदेव उठून उभा राहिला. "देवीनं मैनाला काढायला सांगितलं आसंल. पण आता त्या घरात ती एकटी हाय. तुम्ही कोणी तिथं न्हाय. तिचा तुम्हाला काय तरास?"

कोणती पाकळी पडली, हे त्याने विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धर्माजीने 'खालची आळी (अधिकृत)' काढला आणि विनेशने 'खालची आळी (खरी)'. दोन्हींवर भरतीच्या वेळा वेगवेगळ्या आल्या. अधिकृत वेळेवर निघालेली होडी चिखलात बसली. खऱ्या वेळेवर निघालेली तिच्याशेजारी जाऊन बसली. एक तारीख आली नि गेली. मीटर आला नाही, पण तो कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता, कारण दोन्ही ग्रुपांवर तोवर नारळाच्या झाडांना आधार कार्ड मिळणार, ही बातमी पेटली होती.

चांगदेव सकाळी खाडीवर जाई, पाणी बघे, आणि घरी येऊन बसे. वेळ टाकायची तर ग्रुपात वाचायला कुणी नव्हतं. फोन चार्ज होत होता.

एका दुपारी भागुबाई मासळीची पाटी घेऊन बाजारातून परस्पर ओट्यावर आली आणि स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला.

"मला घाल परत."

"कशाला? दोन ग्रुप हायत की आळीत."

"त्या दोन्हींत मैना न्हाय."

चांगदेवाने चष्मा शोधला. फोनच्या यादीत 'भागू' सापडली. त्याने तिला आत घेतलं. भागुबाईने फोन कनवटीला लावला आणि घरी गेली. थोड्या वेळाने मैनाचा फोन वाजला. भागुबाईला अक्षरं जुळवून वाचता येतं, लिहिता येत नाही. तिने बोलून पाठवलं होतं. चांगदेवाने फोन कानाला लावला.

"मैने, तुझा म्हातारा जेवला का गो? त्याच्या चुलीपाशी दोन दिस हालचाल दिसत न्हाय."

त्याने 'हो' लिहिलं. पाठवायला बोट नेलं, आणि ते तिथेच राहिलं. नंबर मैनाचा होता.

त्याने 'हो' खोडून टाकलं. फोन ओट्यावर ठेवला आणि आत गेला. तांदूळ धुऊन कुकर लावला. सुके बोंबील तव्यावर भाजले, कांदा चिरला. भात झाल्यावर पान वाढून घेतलं आणि शेवटच्या शितापर्यंत जेवला. ताट घासलं, हात पुसले.

मग बाहेर येऊन चष्मा लावला आणि एका बोटाने लिहिलं, "जेवला."